रक्ताचा कर्करोग : पेशी मारायच्या की ‘मोठ्या’ करायच्या?

केमोथेरपी कर्करोगाच्या पेशी मारते. ‘ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगात मात्र वेगळी वाट सापडली. यात पांढऱ्या पेशींची वाढ अर्धवट थांबते आणि अपक्व पेशी साचत जातात. ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेले ‘ॲट्रा’ हे औषध त्यांना परिपक्व करते. मग त्या आपोआप मरतात.

१९८८ मध्ये शांघायच्या वांग झेन्यी यांच्या गटाने २४ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३ जणांचा आजार केवळ या औषधाने ओसरला. पण पुढे अनेकांमध्ये तो काही महिन्यांतच उलटला. म्हणून केमोथेरपीची जोड दिली गेली आणि उलटण्याचे प्रमाण घटले.

मग केमोथेरपी सर्वांनाच हवी का? नाही. कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांवरील इटली-जर्मनीतील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ॲट्रासोबत आर्सेनिक ट्रायऑक्साइड घेतलेले ९७ टक्के रुग्ण दोन वर्षे सुखरूप, आजारमुक्त राहिले. केमोथेरपीच्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते.

पांढऱ्या पेशी दहा हजारांवर असतील, तर मात्र सहसा केमोथेरपीही लागते.

सर्वात मोठा धोका सुरुवातीच्या दिवसांतल्या रक्तस्रावाचा. म्हणूनच नुसता संशय आला तरी जनुकीय तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ॲट्रा सुरू केले जाते.