टाके संरक्षित, पन्हळ बेवारस

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील जुन्या जलवास्तूंची नोंद करणाऱ्या वाचकांकडून वारंवार तक्रार येते की, टाक्याची नोंद होते, परंतु त्यात पाणी आणणारी पन्हळ, म्हणजे कातळात खोदलेला उथळ चर, नमुन्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. तक्रार रास्त आहे. मात्र तिचे खापर एकट्या पुरातत्त्व खात्यावर फोडता येणार नाही.

ही टाकी व्यापाराच्या गरजेतूनही घडली. जुन्नरच्या एका ब्राह्मी लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा उल्लेख आहे, तर नाणेघाटातील एका पोढीवर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव कोरलेले आहे. पावसाळ्यानंतर कोरड्या पडणाऱ्या घाटमाथ्यावरून तांडे चालवायचे, तर साठवलेल्या पाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पन्हळ बुजली की टाके हा नुसता खड्डा उरतो.

1958च्या केंद्रीय कायद्यातील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत स्मारकाच्या जतनासाठी लागणारी लगतची जमीन आणि तेथे पोहोचण्याची वाटही समाविष्ट आहे. पाहुण्याची वाट कायद्याला दिसली, पाण्याची दिसली नाही, अशी थट्टा करता येईल. परंतु 'जतनासाठी लागणारी जमीन' या शब्दांत पाणलोटाचा, म्हणजे पाणी गोळा करणाऱ्या उताराचा, समावेश करण्यास कोणी मनाई केलेली नाही. तरीही टाक्याच्या काठावर हद्द आखली जाते, वरचा उतार कधी वनखात्याकडे तर कधी खासगी सातबाऱ्यावर राहतो, आणि संरक्षित हद्दीत गाळ काढायचा तर परवानगीसाठी ताटकळावे लागते. जर्मनीतील हार्त्स डोंगररांगेत खाणींना पाणी पुरवणारे तलाव व पाट एकच व्यवस्था म्हणून 2010मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. येथे एका डोंगरउताराचीही एकत्र नोंद होत नाही.

आळस अभ्यासकांचाही आहे. सर्वेक्षणे हिवाळ्यात उरकली जातात, तेव्हा पन्हळ आणि कातळातील नैसर्गिक भेग यांत फरक करणे अवघड जाते. आषाढात वाहते पाणी तो फरक स्वतःच दाखवते. तेव्हा सभासदांनी येत्या पावसाळ्यात डोंगरावर जावे, प्रत्येक टाक्यामागील पन्हळ गट क्रमांकांसह नकाशावर उतरवावी, मंचरच्या बारवेसारख्या ठिकाणी पायऱ्यांबरोबर झऱ्यांचीही नोंद करावी आणि हद्दीच्या प्रस्तावात पाणलोटाची मागणी लेखी करावी. अपुरा नकाशा जोडलेला प्रस्ताव कार्यालयाने परत पाठवला, तर त्याबद्दलची तक्रार या मासिकाकडे धाडू नये.