रूट विकत घेता, पण हातात काय येते?

कोकणातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या महिन्यात अमेरिकेहून मुलाचा फोन आला. घरोघर पार्सल पोहोचवण्याचे पाच रूट विक्रीला निघाले आहेत. थोडा पैसा माझा, थोडा बँकेचा, उरलेला तुम्ही आणि मामूंनी द्यावा, असे त्याचे म्हणणे. वडिलांनी एवढेच विचारले, "दुकान कुठे आहे?" मुलगा म्हणाला, "अब्बा, दुकान नाही, रूट आहे." असा फोन उद्या आपल्याही घरी येऊ शकतो. म्हणून हा व्यवहार समजून घेतलेला बरा.

आपल्याकडे पेपरची लाइन विकली जाते, तसाच हा प्रकार. फेडेक्स ही कंपनी आपल्या ग्राउंड सेवेचे पार्सल वाटपाचे काम भागाभागाने ठेकेदारांना देते. पूर्वी एक ड्रायव्हर, एक गाडी, एक रूट अशी पद्धत होती. गाडी ड्रायव्हरची, इंधन त्याचे. गणवेश आणि नियम मात्र कंपनीचे. 2014 मध्ये अपील कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या अशा ड्रायव्हरांना कंपनीचे नोकरच ठरवले. पुढच्या वर्षी कंपनीने 22 कोटी 80 लाख डॉलरवर तडजोड केली. आता ठेकेदाराला स्वतःची कंपनी नोंदवावी लागते आणि ड्रायव्हर पगारावर ठेवावे लागतात.

दर आठवड्याला ठरलेली रक्कम आणि शिवाय थांब्यामागे व पार्सलमागे दर, अशी कमाई असते. त्यातून पगार, कामगारांचा विमा, गाड्यांचा विमा, टायर, दुरुस्ती आणि इंधन भागवायचे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गर्दीत जादा गाड्या आणि जादा माणसे लागतात. ड्रायव्हर आला नाही तर मालकालाच स्टिअरिंग धरावे लागते. "बसल्या जागी उत्पन्न" ही दलालाची भाषा आहे, धंद्याची नव्हे.

आता मूळ प्रश्न. वर्षाच्या नफ्याच्या सुमारे तीनपट किंमत मोजून हातात काय येते? जुन्या गाड्या आणि एक करार. मुंबईच्या व्यापाऱ्याला पागडी समजते. पागडी देणारा गाळ्याचा मालक होत नाही, पण त्याच्या पाठीशी भाडे नियंत्रण कायदा उभा असतो. रूटवाल्याच्या पाठीशी फक्त करार असतो, तोही बहुधा एक-दोन वर्षांचा. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे कंपनी ठरवते. रूट दुसऱ्याला विकायचा तरी तिची संमती लागते. 2022 मध्ये इंधन आणि मजुरी महागली, तेव्हा एका मोठ्या ठेकेदाराने सर्वांसाठी दरवाढ मागितली. तो खोटी माहिती पसरवतो असे म्हणत कंपनीने त्याच्यावर दावा लावला आणि त्याचा करारही संपवला. कोण बरोबर होते हा वाद बाजूला ठेवू. रूट कोणाच्या मर्जीवर चालतो, हे त्यातून सर्वांना कळले.

त्यात बँकेचे कर्ज. सरकारी हमीवर तिथे असा धंदा घ्यायला दहा वर्षांचे कर्ज मिळते. म्हणजे करार दोन वर्षांचा आणि व्याजाचे ओझे दहा वर्षांचे! व्याज हराम आहे हे आपण जाणतोच; इथे तर हिशेबही बसत नाही. विकणारा ज्याची हमी देऊ शकत नाही, त्याची पूर्ण किंमत घेणे यात गररचा, म्हणजे धोक्याच्या अनिश्चिततेचा प्रश्न येतो. शिवाय याच गाड्यांतून वाइनची पार्सलेही जातात. या दोन्ही गोष्टी जाणत्या आलिमांना आधीच विचाराव्यात, सौदा झाल्यावर नव्हे.

घरच्या पैशाचे काय? मामूंना "दरमहा इतके डॉलर नक्की" असे सांगून पैसे घेणे म्हणजे नाव बदललेले व्याजच. द्यायचेच असेल तर शिर्कत करावी, नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा. आणि ते कागदावर लिहावे. पवित्र कुरआनातील सर्वात मोठी आयत (सूरह बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. "घरातलेच आहेत, लिहायचे कशाला?" म्हणणाऱ्यांनी ती वाचावी. 2019 मध्ये बेंगळुरूच्या आयएमएत हलाल नफ्याच्या नावाखाली किती घरांच्या ठेवी बुडाल्या, ते आपण विसरू नये.

आमचा या कामाला विरोध नाही. पार्सल वाहून मिळणारा रिज्क कष्टाचा आहे. पण आधी काही महिने त्याच रूटवर ड्रायव्हर म्हणून काम करावे. विकणाऱ्याचा तक्ता न पाहता तीन वर्षांची कर-विवरणे पाहावीत. कराराचे किती महिने उरले ते मोजावे, गाड्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवाव्यात. किंमत गाड्यांची आणि उरलेल्या मुदतीतल्या नफ्याची द्यावी, त्यापुढची नाही. विकणारा तेवढ्यावर तयार नसेल तर सलाम करून उठावे.

त्या अब्बांनी अजून पैसे पाठवलेले नाहीत. मुलगा रागावला आहे म्हणे. पण "दुकान कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर अजून त्यानेही दिलेले नाही.