शिक्का कोणाचा, हात कोणाचा?

आधीच सांगून टाकतो, मी शिकारी नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि मी बंदूक धरली ती फक्त एनसीसीच्या कॅम्पात, तीही पाच गोळ्यांपुरती. तरी हा लेख रायफलवर आहे.

झालं असं, की दिवाळीत आतेभावाचा फोन आला. तो पेनसिल्व्हेनियात स्थायिक आहे. तिथे नोव्हेंबरअखेर रायफलने हरणांची शिकार करायचा मोसम सुरू होतो, रीतसर परवाना काढून. म्हणाला, "तू मेकॅनिकलचा ना रे? मला लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घ्यायचीय. मार्लिन घेऊ की विंचेस्टर? जुनी घेऊ की नवी?" सबमिशन बाजूला ठेवून मी चार दिवस वाचत बसलो. उत्तर सापडलं, पण ते माझ्याच अंगावर आलं.

काऊबॉयच्या सिनेमात चापाखाली मोठी कडी असलेली बंदूक पाहिलीय ना? तीच ही. कडी खाली ओढली की बोल्ट मागे जातो, रिकामं पुंगळं बाहेर उडतं आणि घोडा चढतो. नळीखालच्या नळकांड्यातून नवं काडतूस मागे येतं, कॅरियर ते वर उचलतो, कडी मिटली की ते नळीत जातं आणि बोल्टला कुलूप लागतं. एका हालचालीत इतकी कामं! म्हणजे हे एकात एक गुंतलेले सुटे भाग, आणि सगळा खेळ फिटिंगचा.

त्यामुळे भावाला म्हटलं, नाव नंतर बघ, आधी वस्तू बघ. पहिलं काम, रायफल रिकामी आहे ना, हे नळकांड्यासकट स्वतः तपास. मग लाकडी दस्ता लोखंडाला भिडतो तिथे नजर टाक. फट एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर बनवणाऱ्याने घाई केलीय. मागून बघ, पुढची माशी सरळ उभी आहे की कलंडलीय? कलंडली असेल तर नळी आटे धरून बसवताना कमीजास्त फिरलीय. कडीच्या आतल्या कडेवर बोट फिरव. धार लागली तर बर काढलेली नाही. स्क्रूच्या खाचा चेपल्या असतील तर आधी कुणीतरी आत हात घातलाय. दुकानदाराला विचारून डमी काडतुसं भर आणि कडी आधी हळू, मग जोरात चालव. दोन्ही वेळा काडतूस न अडकता गेलं पाहिजे.

शेवटची तपासणी बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून. तो हेडस्पेस बघतो, म्हणजे काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते ते. कशाने? गो आणि नो-गो गेजने! गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये. मेट्रॉलॉजीच्या ओरलला आपण घोकतो तेच. फरक इतकाच, की तिथे चूक झाली तर केटी लागत नाही, ती बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडाशी येते.

आता नावाचं. विंचेस्टरचं मॉडेल ९४ हे जॉन ब्राउनिंगचं १८९४ चं डिझाइन. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने पत्र्याचा स्टँप केलेला कॅरियर आणि पोकळ रोल पिना आणल्या. नाव तेच, पण तेव्हापासून गिऱ्हाईक 'चौसष्टच्या आधीची' रायफल शोधत फिरतं.

मार्लिनची कथा आणखी बोलकी आहे. २००७-०८ मध्ये रेमिंग्टनने ही कंपनी घेतली. २०११ पर्यंत कनेक्टिकटचा कारखाना बंद झाला आणि काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं. यंत्रं गेली, ड्रॉइंगं गेली, पण वर्षानुवर्षं ती रायफल जुळवणारे हात बहुतेक मागेच राहिले. मग कलंडलेल्या माश्या, दस्त्यापाशी फटी, अडकणाऱ्या कड्या अशा तक्रारींचा पाऊस पडला. लोक नळीवरचा 'जेएम' हा जुना शिक्का बघून घ्यायला लागले. गंमत म्हणजे जुन्या शिक्क्याच्या काही नळ्या नव्या कारखान्यातही जोडल्या गेल्या! म्हणजे शिक्क्याचीही खात्री नाही. पुढे २०२० मध्ये रुगरने मार्लिन घेतली, नव्याने यंत्रं मांडली आणि सव्वा वर्ष लावून २०२१ च्या डिसेंबरात पहिली रायफल बाहेर काढली. तिचं कौतुक झालं. म्हणजे जुनं ते सोनं हेही खरं नाही. घाई नव्हती, एवढंच खरं.

शिक्क्याचं वाचलं आणि मला घाम फुटला. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब मी केलाच नव्हता. आमच्या विंगमधल्या सीनियरचा जॉब घेतला, त्याचा रोल नंबर कानशीने घासला, माझा पंच केला आणि दिला. वर्कशॉपच्या सरांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. दोन तुकड्यांमधून उजेड येत नव्हता. मग त्यांनी माझे हात बघितले. एक फोड नाही, एक ओरखडा नाही. म्हणाले, "जॉब चांगलाय. कुणाचाय?" मी गप्प. त्यांनी मार्क दिले, पण त्या दोन शब्दांचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

सर येत्या जूनमध्ये निवृत्त होतायत. कानस कुठे दाबायची आणि कुठे नुसती फिरवायची, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. ते सरांच्या मनगटात आहे. आपण त्यांच्याकडून फक्त सही घेतली, तर जूननंतर आपल्या वर्कशॉपचं इलियन होईल. यंत्रं असतील, ड्रॉइंगं असतील, आणि जॉबमधून उजेड येईल.

माझं मत सरळ आहे. डिग्री हाही एक शिक्काच. कॅम्पसला येणारी कंपनी तो बघून आत घेईल, पण पुढे कुणीतरी आपल्याला उजेडासमोर धरणारच. भावाने शेवटी एक जुनी मार्लिन घेतली, शिक्का न बघता, कडी चालवून. मीही येत्या शनिवारपासून संध्याकाळी वर्कशॉपला जाणार आहे, सरांनी होकार दिलाय. बेंचवर अजून चार व्हाइस रिकामे आहेत. कुणी येतंय?