कृष्णधवलाचें सोंवळें

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयीन छायाचित्र-प्रदर्शनाच्या परीक्षक-मंडळांत बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. विषय दुष्काळाचा होता. एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवच्या विहिरीच्या तळाशीं उतरून, वाटीवाटीनें हंडा भरणारी एक बाई टिपली होती. हंड्यांतलें पाणी तांबूस व गढूळ. तिची साडी मात्र झगझगीत हिरवी. “चित्र चांगलें आहे, पण कृष्णधवल करून आण, म्हणजे गांभीर्य येईल,” असा सल्ला आम्हीं तिघां परीक्षकांनीं एकमतानें दिला. त्यानें तो मानला, आणि त्याला पारितोषिकही मिळालें. समारंभाच्या दिवशीं तें करडें चित्र भिंतीवर पाहतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, हंड्यांतलें पाणी आतां चांगल्या पाण्यासारखें दिसत आहे! जें सांगण्यासाठीं तो मुलगा विहिरींत उतरला, तेंच आम्हीं पुसून टाकलें होतें. हा लेख त्या अपराधाचें प्रायश्चित्त समजावा.

घडलेल्या गोष्टीची साक्ष देणाऱ्या, म्हणजे ज्याला डॉक्युमेंटरी म्हणतात अशा, छायाचित्रांत रंग वर्ज्य असावा हें मत आपल्या सुशिक्षित वर्गांत चांगलेंच रुजलें आहे. रंग म्हणजे कॅलेंडर, रंग म्हणजे जाहिरात. करडें तेंच खरें! ह्या मताची वंशावळ तपासून पाहावी. मंदीनें नाडलेल्या शेतकऱ्यांचीं जीं छायाचित्रें अमेरिकन सरकारनें १९३५ पासून घेवविलीं, त्यांनीं ह्या प्रकाराला नमुना घालून दिला. तीं बहुतेक करडीं आहेत हें खरें. परंतु १९३९ ते १९४४ ह्या काळांत त्याच योजनेंतून सुमारें १६०० रंगीत चित्रेंही निघालीं. त्या मंडळींतला नामांकित वॉकर इव्हान्स रंगाला ग्राम्य म्हणत असे. पण १९७३-७४ सालीं, आयुष्याच्या अखेरीस, तोच पोलरॉइड कॅमेरा घेऊन रंगीत चित्रें काढण्यांत रमला. रंगीत फिल्म महाग होती आणि वर्तमानपत्रें काळ्या शाईनें छापलीं जात होतीं. अडचणीनें आलेल्या ह्या रिवाजाला आपण मागाहून तत्त्वाचें सोंवळें नेसविलें.

करड्यांत खोटें नसतें, हेंही मत टिकणारें नाहीं. जुन्या काचा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. त्यांवर कुंकू काळें उमटे व निळें आकाश पांढरें फटक पडे. फिल्म सुधारल्यावर भिंगासमोर तांबडी कांच धरून तेंच आकाश वादळी काळें करतां येऊं लागलें. आज तर बहुतेक कॅमेरे रंगच टिपतात. ते संगणकावर नंतर पुसले जातात, आणि कोणता रंग किती काळा व्हावा हें पुसणारा ठरवितो. ह्याला निःपक्षपाती साक्ष कोण म्हणेल?

आतां एक उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ मध्यें नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतींत रस्त्यावरचे कुत्रे निळे झालेले लोकांनीं पाहिले. एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगास लागला होता. तीं चित्रें सर्वत्र गाजलीं, कासाडी नदीच्या दुर्दशेकडे लक्ष वेधलें गेलें, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानें तो कारखाना बंद करविला. हींच चित्रें ‘गंभीर’ करून पाहा : करड्या रस्त्यावर करडा कुत्रा! मग पुरावा कोठें उरला?

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार भोपाळचा आहे. डिसेंबर १९८४ मध्यें तेथें विषारी वायूनें मेलेल्या एका अनाम बालकाला पुरतांना रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू ह्या दोघांनीं टिपलें. अर्धा मातींत गेलेला तो चेहरा, ते उघडे डोळे. एक चित्र कृष्णधवल, दुसरें रंगीत. राय ह्यांच्या चित्रापुढें मान लवते, हें मी नाकारीत नाहीं. परंतु वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षींचा सर्वोच्च मान बार्थोलोम्यू ह्यांच्या रंगीत चित्राला मिळाला, आणि रंगामुळें तें दुःख लेशभरही हलकें झालें नाहीं. तेथें साक्ष त्या चेहऱ्यांत होती, म्हणून दोन्हीं चित्रें खरीं ठरलीं. जेथें साक्ष रंगांतच असते, तेथें ही मोकळीक नाहीं.

रघुवीर सिंह (१९४२–१९९९) ह्यांनीं जन्मभर रंगांत भारत टिपला, आणि भारतीय दृष्टि रंगांतच पाहते असें प्रतिपादन केलें. मला इतकें दूर जावयाचें नाहीं. भडक रंगांनीं दारिद्र्याची शोभा करणारीं चित्रें मींही पाहिलीं आहेत. पण तो दोष भडकपणाचा आहे. माझा प्रश्न निराळा आहे. आम्हां परीक्षकांना खरें खुपलें तें काय? ती हिरवी साडी! दुष्काळांतल्या बाईनें हिरवी साडी नेसावी, हें आमच्या करुणेला मानवलें नाहीं. गरिबानें करड्यांतच दिसावें, म्हणजे तो आपल्या काळांतला, आपल्या शेजारचा वाटत नाहीं. एखाद्या जुन्या आल्बमांतला वाटतो, आणि आपली झोप मोडत नाहीं. ह्याला गांभीर्य म्हणणें ही आत्मवंचना आहे.

तेव्हां नियम एवढाच असावा कीं, रंग ठेवणारास कोणीं जाब विचारूं नये. काढणारानें मात्र कारण द्यावें. त्या विद्यार्थ्याला मीं मूळ रंगीत चित्र पुन्हां लावावयास सांगितलें आहे. पारितोषिक त्याचेंच, चूक आमची.