जोड द्या, पण आम्हाला सांगून

आपल्या आरोग्य-शिबिरांत एक प्रश्न हटकून येतो. ‘डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर ॲक्युपंक्चर, चिनी काढे, जडीबुटी घेतली तर चालेल का?’ विचारणाऱ्या बायका भोळ्या नसतात. कंबरदुखी, पाळीतल्या कळा, कायमचा थकवा घेऊन त्या दवाखान्यात जातात आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनावर घेऊ नका’ हे ऐकून परत येतात. सुया टोचणारा मात्र नाडी बघतो. झोप, भूक, घरचे ताण, सगळं विचारतो. तिथे आपलं कुणी ऐकतं, असं बाईला वाटतं. म्हणून हा प्रश्न अंधश्रद्धा म्हणून झटकणं मला पटत नाही. पण ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हेही पटत नाही. दोन्ही बाजूंची एकेक गोष्ट सांगते.

पहिली चीनमधल्या थू यूयू यांची. त्या आधुनिक औषधशास्त्र शिकलेल्या. पुढे १९५९ ते १९६२ या काळात त्यांनी चिनी वैद्यकाचंही शिक्षण घेतलं. १९६९ मध्ये हिवतापावरच्या गुप्त लष्करी संशोधनात त्यांच्यावर जबाबदारी आली. नवऱ्याला खेड्यात धाडलेलं. चार वर्षांच्या मुलीला पाळणाघरात ठेवून त्या हैनान बेटावर गेल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असं लिहिलं होतं. तिथे उकळण्याचा उल्लेख नाही हे थू यूयूंच्या लक्षात आलं. उष्णतेनं गुण जात असेल, असं समजून त्यांनी इथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये तो उंदरांवर १०० टक्के लागू पडला. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला, मग रोग्यांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेटसुद्धा नव्हती. गडचिरोलीत फॅल्सिपेरम हिवताप झालेल्या आदिवासी बाईला मिळणारं औषध याच शोधातून आलेलं आहे. जुन्या ग्रंथानं वाट दाखवली, पण कसोटी प्रयोगशाळेनं आणि रोग्यांनी घेतली. त्या पाल्याचा नुसता काढा हिवतापावर घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यात औषध किती उतरेल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट बेल्जियमची. १९९० ते १९९२ या काळात ब्रसेल्समधल्या एका दवाखान्यात बायकांना वजन उतरवण्यासाठी भूक मारणाऱ्या आधुनिक गोळ्या आणि चिनी वनस्पतींची पूड एकत्र दिली जात होती. म्हणजे जोड-उपचारच! पुडीत ‘हान फांग ची’ हवी होती, तिच्या जागी नावानं जवळची ‘ग्वांग फांग ची’ ही विषारी वनस्पती गेली. शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकांची पुरती निकामी झाली. त्यात जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. पुढे अशा ३९ जणांची मूत्रपिंडं काढून तपासली, तर १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. हे २००० साली प्रसिद्ध झालं. या बायका आजारी नव्हत्या. आपण जाड आहोत ही टोचणी त्यांना बाजारानं लावली, आणि त्याच बाजारानं ती पुडीही विकली. आपल्याकडची ईश्वरमूळ याच कुळातली आहे, हे ध्यानात ठेवावं.

यातून मला दिसतं ते असं. ऐकून घेणं हा चांगुलपणा आहे, पण तो पुरावा नव्हे. आणि पुरावा असला तरी तो माणसाला तोडून बोलण्याचा परवाना नव्हे. केमोथेरपीनंतरची मळमळ ॲक्युपंक्चरनं कमी होऊ शकते. ती जरूर करून घ्यावी. पण स्तनातल्या गाठीला सुया टोचत सहा महिने काढणं म्हणजे जीव गमावण्याची तयारी. पाळीच्या तक्रारींवर दिली जाणारी दांग-क्वेई ही चिनी मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. हे डॉक्टरला ठाऊक असायला हवं. पण सांगितलं की ओरडा बसतो, म्हणून बाई सांगतच नाही. त्या लपवालपवीची जबाबदारी मी बाईवर टाकणार नाही.

नेट-एन या गर्भनिरोधक सुईविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा आपण विचारलं होतं: यात काय आहे? कुणावर तपासलं? आमची संमती कुठे आहे? हेच प्रश्न काढ्याच्या बाटलीला आणि सुया टोचणाऱ्यालाही विचारायला हवेत. सुई नवी, निर्जंतुक आहे का? पुडीवर सगळे घटक लिहिले आहेत का? मूळ उपचार बंद करायला कुणी सांगतंय का?

मैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात प्रत्येकीला एक वही द्या. गोळी, काढा, चूर्ण, सुया, जे काही चालू असेल ते तिनं त्यात लिहावं किंवा कुणाकडून लिहून घ्यावं, आणि ती वही प्रत्येक डॉक्टर-वैद्यापुढे ठेवावी. एकटीला भीती वाटत असेल तर तिच्याबरोबर आपल्यातली एक जण जाईल. वही बघून जो ओरडेल, त्याला आपण जाब विचारू.