क्रियापद हरवलेली सादरीकरणे

व्यावसायिक सादरीकरणात 'एनर्जी' हवी, असे हल्ली सर्वत्र सांगितले जाते. भाषेची पदवी घेऊन बँकेत वा विमा कंपनीत रुजू झालेल्या आमच्या विद्यार्थ्यांनाही प्रशिक्षणात हेच शिकवतात. आवाज चढता ठेवा, हातवारे करा, मध्येच प्रश्न टाकून श्रोत्यांना 'गुंतवा'. यातले काही चूक आहे असे नव्हे. पण श्रोत्यांना जांभया येतात त्या वक्त्याचे हात स्थिर असतात म्हणून नव्हे. आमच्या मते मूळ दोष वाक्यरचनेत आहे, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यायला हवे.

पडद्यावरचा नेहमीचा मजकूर पाहावा : 'विक्रीत घट, वितरणातील अडचणी, नव्या धोरणाची अंमलबजावणी.' सारी नामेच. कर्ता नाही, क्रियापद नाही. अडचण कुणामुळे आली, अंमलबजावणी कोण करणार, हे सांगण्याच्या जबाबदारीतून वक्ता अलगद सुटतो. काही घडतच नसेल, तर 'मग पुढे काय?' हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उठावा कसा?

ही केवळ शैलीची तक्रार नव्हे. जानेवारी २००३मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. त्यासंबंधी बोइंगच्या अभियंत्यांनी नासापुढे केलेल्या सादरीकरणात एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. त्या वाक्याचा कर्ताही कुणी अभियंता नव्हता, 'आढावा' होता. हा तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्यांहून सुमारे ६४० पट मोठा असल्याचे दाखवणारे आकडे मात्र त्याच स्लाइडच्या तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात दडले होते. १ फेब्रुवारीला परतताना यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची केलेली चिकित्सा चौकशी मंडळाच्या अहवालातही आली. अपघात स्लाइडमुळे झाला नाही, हे खरे. पण मुद्द्यांच्या उतरंडीत महत्त्वाची गोष्ट कशी हरवते, हे त्यातून दिसले.

पुढच्याच वर्षी, २००४मध्ये, ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले आणि सलग गद्यातील टिपणाचा आग्रह धरला. बैठकीच्या आरंभी सारे जण ते टिपण शांतपणे वाचत. तिथे हातवारे नव्हते. पण वाचून झाल्यावर चर्चा करण्याजोगे विधान प्रत्येकापुढे असे.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते. उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून, कुणाच्या तरी आयुष्यात घडताना दिसते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. 'श्रोत्यांना गुंतवा' या वाक्यात श्रोता कर्म असतो. 'अवधान द्यावे' या विनंतीत तो कर्ता होतो. हा फरक आम्हांस मोलाचा वाटतो.

मग करावे काय? प्रत्येक स्लाइडचे शीर्षक पूर्ण वाक्यात लिहावे. समजा, 'विक्रीत घट' याऐवजी 'पावसाळ्यात आपले गोदाम दोनदा रिकामे पडले, म्हणून दुकानदारांनी आपला माल ठेवणे थांबवले' असे लिहिले, तर गोदाम रिकामे का पडले, हे कुणीतरी विचारणारच. प्रश्न श्रोत्याकडून आला, म्हणजे सभेत जीव आला. असे वाक्य लिहिणाऱ्याला धाडस मात्र लागते, कारण ते खोडून काढता येते.

उपयोजित मराठीच्या तासाला आपण जाहिरात, वृत्तलेखन शिकवतो. तिथेच एखादी खरी स्लाइड फळ्यावर उतरवून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : यातला कर्ता कोण, आणि क्रियापद कुठे आहे?