‘पुढे धोकादायक वळण आहे’ : एका फलकाच्या निमित्ताने

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक कागद शुद्धलेखन तपासण्यासाठी आला. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या काही ज्येष्ठांनी तिथल्या एका वळणावर फलक लावायचे ठरवले होते. आम्ही तिघेही मराठीचे अध्यापक, शिवाय त्याच वाटेचे नेहमीचे वाटसरू. तेव्हा मजकूर आमच्या नजरेखालून जावा असे त्यांना वाटले. मजकूर असा होता : ‘सावधान! पुढे धोकादायक वळण आहे. सायकलस्वारांनी घंटी वाजवावी.’ शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती. तरीही ‘तपासले, योग्य’ असा शेरा मारून तो कागद परत देणे आम्हांला जमले नाही. फलकातली सूचना तंतोतंत पाळली गेली असतानाही त्याच वळणावर दोन माणसांची हाडे मोडलेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतले एक मनगट आमच्यातल्याच एकीचे आहे.

खाणीच्या बाजूने उतरणारी ती मुरमाची वाट आहे. वळणाच्या आतल्या अंगाला घाणेरीचे दाट जाळे आहे. मे महिन्यात पाने झडून गेलेली असताना त्या जाळ्यातून पलीकडची वाट चांगली तीसेक पावले दिसते. पाऊस पडून गेला की घाणेरी भरते, तिच्या पायाशी तरोटा आणि गवत उंच होते, आणि तेच वळण सप्टेंबरात पाच-सहा पावलांच्या पलीकडचे काहीच दाखवत नाही. वळण बदललेले नसते, दिसणे बदललेले असते. उन्हाळाभर सरावलेला सायकलस्वार मात्र आठवणीतल्या वळणावरून जात असतो.

त्या दिवशी आम्ही तिघे शेजारी शेजारी चढत होतो. वाट अडवून चाललो होतो, असेही कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पदव्युत्तर वर्गाच्या नव्या अभ्यासक्रमावरून आमच्यात जोरात वाद चालला होता. घंटी ऐकू आली. वळणावर आवाज नेमका कोठून येतो ते कळत नाही, त्यामुळे आमच्यातले दोघे डावीकडे सरकले आणि एक उजवीकडे. सायकल त्याच क्षणी उजवीकडून आली. मुलाने ब्रेक दाबला, पुढचे चाक सुट्या मुरमावर घसरले, आमच्या सहकारी खाली पडल्या आणि मुलगा घाणेरीत. त्यांचे मनगट मोडले, त्याचे कॉलरबोन. उठून बसल्यावर ओळख पटली. चार वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात तो आमच्यासमोर बसत असे. त्याचे पहिले वाक्य होते, ‘मॅडम, मी बेल वाजवली होती हो.’

तो खरे बोलत होता. नेमके तेच आम्हांला अस्वस्थ करते. फलक आधीच लागलेला असता तर त्याने त्याहून वेगळे काय केले असते?

‘पुढे धोकादायक वळण आहे’ हे वाक्य आपण घाटाघाटांत इतक्या वेळा वाचले आहे की त्याचे व्याकरण आपल्याला दिसेनासे झाले आहे. वाक्याचा कर्ता आहे वळण. ‘धोकादायक’ हे विशेषण त्यालाच चिकटलेले. माणूस वाक्यात कोठेच नाही, वेगही नाही. धोका जणू तिथे दगडासारखा आधीपासून पडलेला आहे आणि येणाऱ्याने फक्त त्याची दखल घ्यायची आहे. प्रत्यक्षात त्या वळणावर पहाटे कोणी नसताना कसलाच धोका नसतो. तो वाटसरूंनी सोबत आणलेला असतो, आणि जो जास्त वेगाने येतो तो जास्त आणतो. इंग्रजीतून आपण घेतलेला ‘आंधळे वळण’ हा शब्दप्रयोगही असाच. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे एकाचेच बांधलेले असतात, बाकीचे बघून पळू शकतात. इथे दोन्ही बाजूंच्या माणसांचे डोळे बांधलेले असतात आणि आंधळे मात्र म्हणायचे वळणाला. वास्तविक अंध माणसाने या बाबतीत आपला गुरू व्हावे. तो पांढऱ्या काठीच्या टप्प्यापलीकडे पाऊल टाकत नाही. सायकलस्वाराची नजर हीच त्याची काठी. ती जिथवर पोचते त्याच्या आत थांबता आले पाहिजे, एवढाच नियम.

हे केवळ रूपक नव्हे, याचा हिशेब मांडता येतो. ताशी 20 किलोमीटरने उतरणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. समोर माणूस दिसून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. मग सुट्या मुरमावर चाक न घसरता थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. म्हणजे एकूण दहा-अकरा मीटर. त्या वळणावर सप्टेंबरात दिसते किती, तर पाच-सहा पावले, फार तर चार मीटर. वेग निम्मा करून ताशी 10 वर आणला तर थांबण्याचे अंतर निम्मे होत नाही, त्याहून बरेच कमी होते, साधारण चार मीटर. म्हणजे जेमतेम पुरते. आणि समोरून येणाराही सायकलवर असला तर? मग दिसणाऱ्या अंतरातले निम्मेच प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि वेग माणसाच्या चालीइतका उतरवावा लागतो. दोन सायकली समोरासमोर आल्या तर चालणाऱ्याची नव्हे, त्या दोघांचीच हाडे पणाला लागतात. म्हणून हा प्रश्न ‘सायकलवाल्यांपासून पादचाऱ्यांचे रक्षण’ एवढाच आहे असे आम्ही मानत नाही.

उतारावर सायकल सोडण्याचा हा छंद जिथे वाढला तिथे हे सारे पूर्वीच घडून गेले आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात 1970 नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून खाली सोडू लागले. तिथल्या एका उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी पहिली शर्यत झाली. त्या उताराचे नाव ‘रीपॅक’. सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि चाकाच्या तुंब्यात ते पुन्हा भरावे लागे. भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे हे नाव आहे : वेगाच्या या खेळाचे एक आद्यस्थान ब्रेकच्या नावाने ओळखले जाते. पुढे त्याच परगण्यातल्या वाटांवर चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात वर्षानुवर्षे कडवट भांडणे झाली. त्यांतून जो नियम आला तो साधा आहे. ताशी 15 मैलांच्या वर जायचे नाही. दुसऱ्याला ओलांडताना आणि पुढचे न दिसणाऱ्या वळणावर ताशी 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर. या नियमात वळणाला कोणी दोष देत नाही. आकडा सायकलस्वाराला उद्देशून आहे.

आता घंटीविषयी. आमचा तिला विरोध नाही. आमच्या आधीच्या पिढीच्या पुण्यात घंटी आणि रात्रीचा दिवा यांवाचून सायकल पुरी होत नसे, आणि आज हजारो रुपयांच्या गिअरच्या सायकली घंटीवाचून विकल्या जातात हे आम्हांला खटकते. पण घंटीचे दोन अर्थ होतात. मंद झालेल्या सायकलची घंटी म्हणते, ‘मी येतो आहे, तुम्ही निवांत चाला.’ वेगात असलेल्या सायकलची तीच घंटी म्हणते, ‘बाजूला व्हा.’ ध्वनी एकच, पण दुसऱ्या अर्थाने ती वाजली की जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते. आणि ऐकणारा गोंधळतो, भलत्या बाजूला उडी मारतो, किंवा त्याला ऐकूच येत नाही. ब्रिटनच्या वाहतूक-संहितेत 2022 साली सुधारणा झाल्या. सामायिक वाटेवरच्या सायकलस्वाराला ती घंटी वाजवायला सांगते, पण वेग कमी करण्याविषयी बोलते आणि समोरची व्यक्ती बहिरी किंवा अंध असू शकते याचीही आठवण देते. आपल्या टेकडीवर सकाळी येणाऱ्यांत निम्मे निवृत्त, आणि उरलेल्यांतल्या कित्येकांच्या कानांत गाण्याच्या तारा.

आरसा लावा, अशीही एक सूचना आली. बहिर्गोल आरशात येणारा माणूस असतो त्याहून लहान आणि दूर भासतो, आणि पावसाळ्यात धुके व चिखल यांनी तो आरसा किती दिवस आरसा राहील कोण जाणे. त्यापेक्षा वळणाच्या अलीकडे दोन्ही कडांना मोठे धोंडे ठेवून वाट अरुंद करणे बरे; वाट अरुंद झाली की हात आपोआप ब्रेककडे जातो. डोंगरवाटा आखणारे जाणकार हा उपाय करतात. दिवस वाटून देण्याचाही प्रयोग आहे : कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या सीमेवर ताहो सरोवराभोवतीच्या पायवाटेच्या एका टप्प्यावर सायकलींना सम तारखांनाच प्रवेश असतो. पुणेकरांना सम-विषम तारखांचे पार्किंग पाठ असल्यामुळे यात नवल वाटायचे कारण नाही, पण त्या पार्किंगचे काय होते तेही पाठ आहे.

काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की सायकली टेकडीवरून हद्दपारच कराव्यात. प्लास्टरमधला हात घेऊन हिंडणाऱ्या आमच्या सहकारीही या मागणीत सामील नाहीत. ज्या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्याच्या रस्त्यांवर आज विशीतल्या मुलाने सायकल कोठे चालवावी, याचे उत्तर मागणी करणाऱ्यांनी आधी द्यावे. टेकडीवर तो हौसेने येतो हे खरे, पण काही अंशी खालून हाकललेला म्हणूनही येतो. त्याला इथूनही हाकलायचे आणि वर ‘आजची पिढी मोबाइलमध्ये बुडाली’ म्हणून व्याख्याने द्यायची, हा दुटप्पीपणा आम्ही वर्गात पुरेसा करतो.

तर आम्ही कागदावर मजकूर खोडून दुसरा लिहिला : ‘सायकलस्वारांनो, पुढचे दिसत नाही. दिसेल तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. चालणाऱ्यांनी एकामागे एक चालावे.’ शेवटचे वाक्य आम्ही स्वतःसाठी घातले आहे. कागद परत आला तो ‘मजकूर फार लांबला, रंगारी अक्षरावर पैसे घेतो’ अशा निरोपासह. मग पहिली दोन वाक्ये कापून ‘पुढचे दिसत नाही. सायकल चालीच्या वेगाने न्या.’ इतकेच ठेवले. जुन्या विद्यार्थ्याला ते दाखवले. तो म्हणाला, ‘सर, घाणेरी दहा फूट मागे छाटली तर बोर्डाची गरजच पडणार नाही.’ जमीन वनखात्याची असल्याने छाटणीसाठी अर्ज करावा लागतो. तो अर्ज त्यानेच डाव्या हाताने लिहिला आहे. शुद्धलेखनाच्या चार चुका आम्ही दुरुस्त केल्या. उत्तर अजून आलेले नाही, आणि गवत अजून वाळलेले नाही. त्या वळणापाशी आलो की अभ्यासक्रमाचा वाद थांबवून आम्ही एकामागे एक होतो.